मांडवाबाहेर राहिलेलं नाव

रंभा धवलारीण सकाळी दहालाच आली आणि तिनं चहाला नको म्हटलं, तेव्हाच आयला, म्हणजे नवरीच्या आजीला, कळलं की आज काहीतरी वाजणार. या भागातल्या लग्नांत भटजी नंतर, रंभा आधी. मांडवाचं, हळदीचं, तांदळाचं, सगळी गाणी तिच्या तोंडी, आणि तिनं म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. अशी बाई चहा सोडत नाही. तीन कप पिते आणि वर पान मागते.

"बस तरी," आय म्हणाली.

"बसते. पन आधी नावं सांग."

नावं म्हणजे घरातल्या गेलेल्यांची नावं. लग्नाचं पहिलं आवतान देवांना, दुसरं पितरांना. मांडवात बसून रंभा एकेकाला नावानं हाक मारते, या म्हणते, आणि मगच जिवंत माणसांकडे वळते. या घरातली जुनी नावं तिला पाठ होती. आयचा नवरा, सासू-सासरे, पटकीत गेलेले दोन दीर. विचारायचं ते फक्त मागच्या लग्नानंतर गेलेल्यांचं. मागच्या लग्नानंतर या घरातून एकच माणूस गेलं होतं, आणि ते सहा वर्षांचं होतं.

"नवीन कोनी नाय," आय म्हणाली.

रंभा तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि तिनं पदर आवळला. दोघी सत्तरीच्या, एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलेल्या. त्यांचं एकमेकींपुढे खोटं बोलणं फार वेळ टिकत नसे.

मितेशला जाऊन येत्या गणपतीत तीन वर्षं होणार होती. आयचा थोरला मुलगा शत्रुघ्न आणि त्याची बायको जयवंती यांना थोरल्या मुलीच्या, आताच्या नवरीच्या, म्हणजे दर्शनाच्या पाठीवर पंधरा वर्षांनी झालेला मुलगा. खाडीच्या बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ते पाडायचं, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला उचलायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. विसर्जनानंतरच्या पाचव्या दिवशी, भर दुपारी, मितेश त्या उघाडीजवळ चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला गेला तो चुलत बहिणीबरोबर, धाकटा काका काळूरामच्या मुलीबरोबर. स्वप्नाली तेव्हा आठ वर्षांची. ती परत आली ती एकटी, गळ्यापर्यंत चिखलात, आणि दोन दिवस तोंडातून शब्द नाही.

मग मारुतीच्या देवळात गावकी बसली आणि ठरलं की त्या पोरीसमोर आणि त्या आईसमोर मुलाचं नाव कुणी काढायचं नाही. गावकीनं आजवर पुष्कळ ठराव केले. दारूबंदीचा आठवडाभर टिकला, हुंड्याचा पहिल्याच लग्नात मोडला. हा एकच ठराव गावानं डोळ्यांत तेल घालून पाळला. गावात दुसरा एक मितेश होता, पाच वर्षांचा. त्याला सगळे बंटी म्हणायला लागले आणि शाळेत बाईंनाही तसं सांगून आले. स्वप्नाली दिसली की बायका बोलणं बदलत. तिच्यासमोरून चिंबोऱ्यांची टोपली न्यायची तर वर फडकं टाकून नेत. माया करण्यात गावानं काही कमी केलं नाही. फक्त ही माया आहे, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नाही.

स्वप्नालीनं आपल्यापुरता अर्थ लावला. जिच्यासमोर एक नाव घेता येत नाही, तिनं त्या नावाचं काहीतरी भयंकर केलेलं असणार. आता ती अकरा वर्षांची होती. नळाखाली कधी अंघोळ करत नसे, तांब्यानं करायची, तीही दार उघडं ठेवून. आणि चार वर्षांच्या भावाला, वेदांतला, घराबाहेर नेताना ओढणीनं आपल्या मनगटाला बांधायची. गावातली पोरं तिला हवालदारीण म्हणत. आजही ती मागच्या पडवीत अक्षतांचे तांदूळ निवडत होती आणि वेदांत ओढणीच्या टोकाला बसून कंटाळला होता.

"अर्ध्या घराला आवतान मी देत नाय," पुढच्या अंगणात रंभा सांगत होती. "ज्याचं नाव रायलं तो मांडवाबाहेर उभा रातो. लहान पोर. त्याला उनात उभं करू?"

*

काळूराम खुर्च्यांचा टेम्पो घेऊन आला तेव्हा मांडवाचं काम थांबलं होतं. बांबू बांधणारी माणसं बांबू सोडून विड्या ओढत बसली होती. त्याचा थोरला भाऊ शत्रुघ्न खांबाला पाठ लावून उभा होता, आय खाटेवर आणि रंभा खाली जमिनीवर, पदर आवळून.

"काय झालं?"

"काय नाय," शत्रुघ्न म्हणाला. "रंभामावशी नाव मागते. मी सांगतो, नको. आज नको. जयवंतीला हे झेपायचं नाय. संध्याकाळी हळद हाय, चंदनसारची मानसं येतील. तिला चक्कर आली तर त्यांना काय सांगू?"

दर्शनाचं सासर चंदनसारला, नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. शत्रुघ्नला त्या लोकांचा उगाच धाक होता.

एरवी काळूराम इथे मान डोलावून मोकळा झाला असता. आयुष्यभर त्यानं भावाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चंदनसारला हार्डवेअरचं दुकान काढलं तेसुद्धा दादानं म्हटलं म्हणून. पण मार्चमध्ये त्याला शाळेत बोलावणं आलं होतं. पॉलिन टीचर. पन्नाशीची बाई, गिरीजहून एसटीनं यायची, आणि पालकांना खुर्चीत बसवून स्वतः उभी राहायची.

"तुमची मुलगी मधल्या सुट्टीत पहिलीची मुलं मोजते," टीचर म्हणाली होती. "सत्तावीस आहेत. एखादा आजारी असला, सव्वीस भरले, की तिला घाम फुटतो. घरी तिच्याशी बोलता का?"

"बोलतो की."

"कशाविषयी?"

काळूराम टेबलावरचा खडू फिरवत राहिला होता. टीचर रागावली नाही. म्हणाली, "आमच्याकडे नोव्हेंबरात सगळे कबरस्तानात जातात. पोरंटोरं पण. मेणबत्ती लावतात, आजोबाची, काकाची, मेलेल्या तान्ह्या भावाची. नाव घेतात, रडतात, मग भेळ खातात. तुमच्यात कसं असतं मला माहीत नाही. पण काहीतरी असेलच ना?"

दोन महिने काळूराम याच प्रश्नावर अडकला होता. आता ते काहीतरी समोर जमिनीवर बसलं होतं आणि चहा पीत नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "नाव घेऊ दे."

आपण नीट ऐकलं असं शत्रुघ्नला वाटेना. "काय?"

"घेऊ दे म्हनतो. माझ्या पोरीसाठी तरी."

"तुझ्या पोरीसाठी?" शत्रुघ्न खांब सोडून पुढे आला. "माझा पोर गेला आनि नाव तुझ्या पोरीसाठी घ्यायचं?"

झालं. तीन वर्षं दोन्ही भाऊ ज्या वाक्याला वळसा घालून चालत होते ते वाक्य अंगणात पडलं. खरं तर शत्रुघ्नला तसं म्हणायचं नव्हतं. पण काळूरामनं जे ऐकायचं ते ऐकलंच.

"म्हनजे तुझ्या मनात हेच हाय. माझ्या पोरीमुलं गेला."

"मी तसं बोललो नाय."

"बोलला नाय, म्हनूनच विचारतो. आठ वर्षांची व्हती ती. आठ!"

"काळू, गप ऱ्हा," आय खाटेवरून ओरडली. ती नेहमी शत्रुघ्नच्या बाजूनं असे. थोरल्याच्या ताटात वाढण्याची तिची जुनी सवय. "लगीनघर हाय हे."

दर्शना आतून आली. अंगावर घरातली मॅक्सी, हातावर कालची मेंदी. ती काकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तेवढ्यानं अंगणातला तोल बदलला.

"आजी, गप काय राहायचं? लग्न माझं आहे ना? उद्या मांडवात नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो. सगळे मला सांगतात, टेन्शन घेऊ नको, कोणतरी उभा करू. कोणतरी! मला भाऊ होता, हे पण बोलायचं नाही का?"

तिच्या बापाचा चेहरा पडला. तो खाली बसला, रंभाच्या समोर, आणि ओळीनं वाचून दाखवावं तसं सपाट आवाजात बोलला.

"उघाडीची पाळी त्या दिवशी माझी व्हती. भरतीला दार पाडायचं, ते मी पाडलं नाय. जाळं लावलेलं. दार वर ठेवलं की भरतीबरोबर मासळी आत येते, मंग ओहोटीला जाळ्यात गावते. सगळेच करतात. पानी उतरायला लागलं तेव्हा दारातून ओढ लागली. पोरगं आतल्या चरात उभं व्हतं. गावाला हे म्हाईत हाय. सगळ्यांला म्हाईत हाय. मला वाईट वाटंल म्हनून कोनी बोलत नाय."

विड्या ओढणाऱ्यांनी विड्या विझवल्या. त्यांच्यातल्या दोघांनी त्या दिवशी ते दार वर उचललेलं पाहिलं होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावानं ते काढून सिमेंटचं, लोखंडी जाळीचं दार बसवलं तेव्हा वर्गणीही दिली होती.

आय खाटेवरून उतरली. थोरल्याची बाजू घ्यायला तिच्याकडे आता एकच गोष्ट उरली होती.

"त्याचं एकल्याचं नाय," ती म्हणाली. "पोरांना मी पाठवलं. मला चिंबोरीचं कालवन खावंसं वाटलं. म्हातारीची जीभ. मी बोलली, जा, दोन आना." आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, सवय नसल्यासारखी.

*

जयवंती स्वयंपाकघरात होती. तांदळाच्या पिठाचे वडे थापायचे होते, तीनशे. चार बायका तिला घेरून बसल्या होत्या, कारण आज तिला एकटं सोडायचं नाही असं ठरलं होतं. बाहेरचा शब्द न् शब्द आत येत होता आणि चारी बायका मोठमोठ्यानं वड्यांविषयी बोलत होत्या.

तिला एकच गोष्ट हवी होती. तीन वर्षं एकच. त्या दुपारी ती जेवून आडवी झाली होती आणि दाराला आतून कडी घातली होती. मितेशनं दार वाजवलं. आई, आई करत पुष्कळ वेळ वाजवलं. ती जागी होती. उठली नाही, कारण सकाळपासून त्यानं जीव नकोसा केला होता आणि तिला अर्धा तास हवा होता. मग वाजायचं थांबलं. तो माझ्या दारावरून रडत गेला का, एवढंच तिला विचारायचं होतं. ठाऊक असणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि गावानं ते माणूस तिच्यापासून आणि तिला त्या माणसापासून सांभाळून ठेवलं होतं. दोनदा ती त्या पोरीच्या दिशेनं गेलीही होती. दोन्ही वेळा कुणीतरी मध्ये आलं, "जयवंते, चल गो, इथं कशाला?" आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा तिला सुटल्यासारखं वाटलं. कारण त्या पोरीला बघून तिच्या मनात जे उठायचं ती माया नव्हती.

ती उठली. पिठाचे हात तसेच.

"कुठं चालली?" चौघी एकदम म्हणाल्या.

"मुतायला. येता?"

ती मागच्या दारानं पडवीत गेली. स्वप्नाली सुपासमोर उभी होती, ताठ, कान पुढच्या अंगणाकडे. काकीला बघून तिनं वेदांतला जवळ ओढलं. जयवंती काही बोलायच्या आतच पोरगी बोलायला लागली, भराभरा, कुणीतरी थांबवेल म्हणून.

"सगळे खोटं बोलतायत. मी केलं. मी त्याला बोलली, तू पुढे हो, तुझा हात बारीक आहे, बिळात जातो. मग पाणी आलं ना, म्हणजे गेलं, जोरात जायला लागलं. मी त्याचा हात धरला. धरलेला, काकी. मग मी पण चालली आत. मग मी सोडला. सुटला नाही. मी सोडला."

पुढच्या अंगणातली माणसं आता घराला वळसा घालून पडवीपाशी आली होती. काळूराम पुढे धावला, दर्शनानं त्याला दंडाला धरून थांबवलं. अशा वेळी म्हणायची वाक्यं सगळ्यांच्या तोंडाशी आली होती. नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही. स्वप्नालीनं ती वाक्यं त्यांच्या चेहऱ्यांवर तीन वर्षं पाहिली होती आणि तिचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

जयवंतीनं ती म्हटली नाहीत.

"मला तुझा राग व्हता," ती म्हणाली. "लय. तू आली आनि तो नाय आला, म्हनून."

आयनं "जयवंते!" म्हणून हाक मारली. स्वप्नालीनं मात्र मान हलवली. आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले.

"माहितीये," ती म्हणाली.

"तुझा व्हता, सासूचा व्हता, या बाप्याचा व्हता. माझा माझ्यावर पन व्हता. मी दार नाय उघडलं."

"माहितीये. मी पण होती ना तिथे. मी पण वाजवलं."

जयवंतीला हे माहीत नव्हतं. दारावर चार हात होते. ती पडवीच्या पायरीवर बसली, त्यामुळे तिचं डोकं त्या पोरीच्या डोक्याखाली आलं.

"तू हात सोडला नसता," ती हळूच म्हणाली, "तर आज काळूच्या घरातलंपन नाव घ्यावं लागलं असतं. दोन नावं मला पेलली नसती." मग तिनं मान वर केली. "मला एक सांग. खरं सांग. मला बरं वाटावं म्हनून सांगू नको. तो रडत गेला का?"

वेदांत ओढणी सोडवायच्या खटपटीत होता.

स्वप्नालीनं विचार केला. तिला कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते पोलीस पाटलानं, कुठून पडला, किती वाजता.

"रडला," ती म्हणाली. "पण बांधापर्यंतच. पूर्ण नाही, बांधाच्या वडापर्यंत. मग त्याला निवटी मासळी दिसली, चिखलावर उड्या मारत होती, तर त्यानं तिची नक्कल केली. अशी." तिनं गाल फुगवून डोळे बाहेर काढले, आणि क्षणभर तो तिच्या चेहऱ्यावर आला. शत्रुघ्ननं तोंड फिरवलं. "मग तो हसत होता. मग बोलला, आज मोठी चिंबोरी गावली तर आजीला द्यायची, मी खायची, तू खायची. आईला फक्त नांग्या. तिनं दार नाही उघडलं."

जयवंतीच्या घशातून आवाज आला. बायका पुढे सरसावल्या, चक्कर आली म्हणून. पण ती हसत होती. डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती, पिठाचा हात कपाळाला लावून.

"नांग्या!" ती म्हणाली. "बघा. डूख धरायचा, डिट्टो बापासारखा. आनि नांग्याच तर मला आवडतात, येड्याला ठाऊक नव्हतं." मग तिनं पदरानं नाक पुसलं. "वडापर्यंत म्हनजे थोडंच. वड जवळच हाय."

"हो. जवळच आहे."

रंभा अंगणातून घराच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. एवढ्या वर्षांत तिनं पुष्कळ मांडव पाहिले होते, पण मांडव सोडून पडवीत उभं राहायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. तिनं घसा साफ केला.

"जयवंते, ऊन चढलं. नाव सांगते का? कोनाचा कोन, ते पन सांग. तसं म्हनावं लागतं."

शत्रुघ्न बायकोकडे बघत होता. नको म्हणणारा तोच. आता तिनं सांगावं म्हणून वाट बघत होता.

"सांगते," जयवंती म्हणाली. "थांब जरा. अजून तिचं सांगून व्हायचं हाय." तिनं पायरीवर थोडं सरकून जागा केली आणि पोरीकडे वळली. "बस. वडापर्यंत दोघं आलात. मंग?"